विद्यापीठाचा मेल घरच्या संगणकावर: परिसराबाहेरून सुरक्षित जोडणी कशी करावी

राहायचे ठाण्यात किंवा नवी मुंबईत आणि शिकायला-शिकवायला जायचे कलिना, पवई, देवनार, माटुंगा नाहीतर चर्चगेटला, हा या भागातल्या असंख्य प्राध्यापकांचा, संशोधक विद्यार्थ्यांचा आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा नित्यक्रम आहे. मार्गदर्शकांनी तपासून पाठवलेले प्रकरण, परीक्षा विभागाचे परिपत्रक, नॅकच्या कामासाठी मागवलेली माहिती, परिषदेच्या संयोजकांचे उत्तर असे सारे संस्थेने दिलेल्या ईमेल पत्त्यावर येते आणि त्यातले बरेचसे वाचले जाते ते परिसरात नव्हे, तर घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या घरी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर. हा मेल ब्राउझरमध्ये उघडून वाचणे सोपे आहे. मात्र तोच थंडरबर्ड, आउटलुक किंवा ॲपल मेल अशा प्रोग्रॅममध्ये आणायचा म्हटले की पोर्ट, एसएसएल, स्टार्टटीएलएस, ओऑथ अशा शब्दांचा एक तक्ता समोर येतो. पुष्कळ जण तिथेच थांबतात, आणि काही जण त्याहून वाईट करतात, म्हणजे जे चालेल ते निवडून मोकळे होतात. त्या तक्त्यातला प्रत्येक रकाना खरे तर दोनच प्रश्नांपैकी एकाचे उत्तर मागत असतो. पहिला प्रश्न असा, की आपण ज्याच्याशी बोलत आहोत तो सर्व्हर विद्यापीठाचाच आहे का आणि मधल्या वाटेवर कोणी ऐकत तर नाही ना; आणि दुसरा असा, की आपण म्हणजे आपणच, हे त्या सर्व्हरला कसे पटवायचे.

दिवसाकाठी दोन-चार मेल फोनवर वाचून ज्यांचे भागते त्यांनी या खटाटोपात पडू नये. त्यांना ब्राउझर पुरेसा आहे. ज्यांच्याकडे दोन-तीन पत्ते आहेत, ज्यांना काही वर्षांपूर्वीचे पत्र पटकन शोधावे लागते, इंटरनेट बंद पडल्यावरही जुना पत्रव्यवहार हाताशी हवा असतो, किंवा पीएचडी संपल्यावर खाते बंद होण्याआधी सगळा मेल स्वतःकडे ठेवायचा असतो, त्यांच्यासाठी मात्र असा प्रोग्रॅम फार सोयीचा ठरतो. पुढच्या विवेचनात मुख्यतः थंडरबर्ड गृहीत धरला आहे, कारण तो मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि त्यातले सगळे रकाने उघडपणे दिसतात. नवी आवृत्ती असेल तर पडदे थोडे वेगळे दिसतील, रकाने तेच राहतील. विंडोजबरोबर मिळणाऱ्या जुन्या ‘मेल’ ॲपला मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस निरोप दिला आणि त्याच्या जागी जो नवा आउटलुक आणला, तो अन्य कंपन्यांची खातीही मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमार्फत जुळवून घेतो. तुमच्या विद्यापीठाचा सर्व्हर स्वतःचा असेल, तर त्यावरचा मेल अशा तऱ्हेने तिसऱ्या ठिकाणी गेलेला संस्थेला चालतो का, हे आधी विचारून घ्यावे.

परिसराबाहेर गेल्यावर नेमके काय बदलते

ईमेल पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ मध्ये प्रमाणित झाली, तेव्हा पाठवणारा कोण आहे हे तपासण्याची काहीच सोय तिच्यात नव्हती. जाळे लहान होते, त्यावरची माणसे एकमेकांना ओळखत होती आणि कोणताही सर्व्हर कोणाचेही पत्र पुढे पोहोचवत असे. १९९० च्या दशकात जाहिरातबाजांनी या भलेपणाचा यथेच्छ गैरफायदा घेतल्यावर विद्यापीठांनी सोपा तोडगा काढला: परिसरातल्या संगणकावरून आलेले पत्र स्वीकारायचे, बाहेरून आलेले परत लावायचे. गृहसंकुलाच्या फाटकावर वॉचमनने एकदा आत सोडले, की आतल्या सगळ्या घरांची दारे उघडीच सापडावीत, तशी ही व्यवस्था होती. फाटकाबाहेर राहणाऱ्याची त्यात कुचंबणा होत असे आणि आत शिरलेल्या चोराची चैन.

आजचा मेल सर्व्हर तुम्ही कुठे आहात हे सहसा विचारत नाही, तुम्ही कोण आहात हे विचारतो. त्यामुळे विभागातल्या टेबलावर आणि ऐरोलीच्या घरी एकच मांडणी चालायला हवी, आणि बहुतेक ठिकाणी ती चालते. तरीही जुन्या सूचनापत्रांत अजून ‘परिसरात ही, परिसराबाहेर ती’ अशा दोन मांडण्या आढळतात. दोन्ही दिलेल्या असतील, तर लॅपटॉपवर कायम परिसराबाहेरचीच मांडणी ठेवावी. ती आतही बिनबोभाट चालते, उलट प्रकार मात्र घरी आल्यावर अडतो.

व्हीपीएनविषयीचा गोंधळ इथेच दूर केलेला बरा. ग्रंथालयाची ई-जर्नले घरून वाचण्यासाठी व्हीपीएन लावायची सवय असलेल्यांना वाटते, की मेलसाठीही ते लागणारच, आणि ते लावले की बाकीची सुरक्षितता आपोआप येते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. व्हीपीएन तुमचा संगणक परिसराच्या जाळ्यात नेऊन बसवते. काही संस्थांनी मेल सर्व्हर फक्त आतूनच दिसेल असा ठेवलेला असतो, तिथे ते खरोखर लागते. मात्र व्हीपीएनचा बोगदा परिसराच्या उंबरठ्यापर्यंतच असतो आणि तिथून मेल सर्व्हरपर्यंतचा प्रवास मेल प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कूटबद्धीकरणानेच झाकलेला राहतो. म्हणून व्हीपीएन लावा अथवा लावू नका, खालच्या रकान्यांत काहीही बदलत नाही.

येणारा मेल

थंडरबर्डमध्ये नवे खाते जोडताना नाव आणि पूर्ण ईमेल पत्ता दिला, की प्रोग्रॅम स्वतःच सर्व्हर शोधू लागतो. आधी तो विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली माहिती आणि थंडरबर्डमागच्या मोझिलाकडची यादी पाहतो, आणि तिथे काही सापडले नाही तर सर्वसाधारण नावे वापरून अंदाज करतो. अंदाज बहुधा बरोबर येतो, पण तो अंदाजच असतो, त्यामुळे ‘कॉन्फिगर मॅन्युअली’ हा पर्याय उघडून तक्ता डोळ्यांखालून घालावा. विद्यापीठाच्या संगणक केंद्राच्या पानावर सर्व्हरचे नाव दिलेले असते. ते अक्षरशः जसे दिले आहे तसेच लिहावे. पोर्टचे, म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या क्रमांकाच्या दारातून बोलायचे त्याचे, आकडे मात्र इंग्रजी अंकांत टाइप करायचे असतात.

पहिला निर्णय आयमॅप की पॉप हा असतो, आणि तो घ्यायला फार वेळ लागू नये. पॉप ही जुनी पद्धत सर्व्हरवरचा मेल उतरवून आपल्या संगणकावर आणते आणि मूळ प्रत काही काळाने सर्व्हरवरून काढून टाकते. १४ दिवसांची मुदत बऱ्याचदा आधीच खूण केलेली असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग एके दिवशी फोनवर जुने मेल दिसेनासे होतात आणि खाते हॅक झाल्याची आवई उठते. आयमॅपमध्ये मूळ प्रत सर्व्हरवरच राहते आणि लॅपटॉप, फोन, ब्राउझर हे सगळे तिचेच आरसे असतात. दोनपेक्षा अधिक ठिकाणांहून मेल पाहणाऱ्याने आयमॅपच घ्यावे. त्यातली एक गोष्ट लक्षात असू द्यावी: आरशातले पुसले की मूळही पुसले जाते, म्हणजे आयमॅप हा काही बॅकअप नव्हे. खाते बंद होण्याआधी जे जपायचे ते थंडरबर्डमधल्या ‘लोकल फोल्डर्स’ या भागात कॉपी करून ठेवावे लागते.

आता ‘कनेक्शन सिक्युरिटी’ हा रकाना, जो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. त्यात तीन पर्याय असतात. ‘नन’ निवडले तर सर्व काही उघड्यावर जाते आणि थंडरबर्डही मग पासवर्डच्या रकान्यात ‘पासवर्ड, ट्रान्समिटेड इनसिक्युअरली’ असे लिहून स्पष्ट सांगतो. उघड्यावर म्हणजे किती उघड्यावर, याची कल्पना यावी म्हणून एक तपशील पाहण्यासारखा आहे. साध्या लॉगिनमध्ये पासवर्ड पुष्कळदा बेस६४ नावाच्या रूपात पाठवला जातो आणि पाहणाऱ्याला ते सांकेतिक वाटते. इंग्रजी पाच अक्षरांत लिहिलेला ‘ठाणे’ हा शब्द बेस६४ मध्ये आठ चिन्हांचा होतो, त्यातले शेवटचे बरोबरचे चिन्ह असते आणि वाचून अर्थबोध काही होत नाही. पण बेस६४ ला किल्ली नसते. कोणत्याही संगणकावर क्षणात त्याचा पुन्हा मूळ शब्द होतो. ते लिपी बदलणे आहे, कुलूप लावणे नव्हे. मॉलमधल्या किंवा एखाद्या कॅफेतल्या मोफत वायफायवर असा पासवर्ड गेला, तर त्याच जाळ्यात बसलेला माणूस तो टिपून घेऊ शकतो.

दुसरा पर्याय ‘स्टार्टटीएलएस’. यात संभाषण आधी उघड सुरू होते, सर्व्हर म्हणतो की मला कूटबद्ध बोलता येते, प्रोग्रॅम म्हणतो की मग तसे सुरू करू, आणि त्यानंतर पडदा पडतो. तिसरा पर्याय ‘एसएसएल/टीएलएस’, ज्यात पहिल्या क्षणापासूनच पडदा असतो. नावातले एसएसएल आता केवळ सवयीने उरले आहे. प्रत्यक्षात टीएलएसची, म्हणजे जोडणी कूटबद्ध करण्याच्या आजच्या पद्धतीची, १.२ किंवा २०१८ मध्ये आलेली १.३ ही आवृत्ती चालते, आणि १.० व १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरवल्या गेल्या. जुनाट सर्व्हर नव्या थंडरबर्डशी जुळत नाही तेव्हा कारण अनेकदा हेच असते, आणि त्यावर प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती शोधत बसणे हा उपाय नव्हे.

स्टार्टटीएलएस आणि थेट टीएलएस या दोहोंत नीट वापरल्यास फारसा फरक राहत नाही, पण स्टार्टटीएलएसच्या सुरुवातीच्या उघड क्षणी मध्ये बसलेला कोणी ‘मला कूटबद्ध बोलता येते’ हे सर्व्हरचे वाक्यच गाळू शकतो. प्रोग्रॅम काटेकोर असेल तर तो जोडणीच नाकारतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘जमल्यास टीएलएस’ अशा अर्थाचा पर्याय असे, आणि तो निवडलेला असेल तर जोडणी मुकाट्याने उघड्यावर चालू राहत असे. सुरक्षिततेच्या नावाखाली त्याइतका फसवा पर्याय दुसरा नसेल. इंटरनेटचे तांत्रिक मानदंड ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये थेट टीएलएसलाच पसंती द्यावी अशी शिफारस केली. तेव्हा येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट ९९३ आणि एसएसएल/टीएलएस हे त्रिकूट प्रथम वापरून पाहावे. विद्यापीठाने पोर्ट १४३ आणि स्टार्टटीएलएस असेच सांगितले असेल तर तेही चालेल. पॉपच घ्यायचे ठरले असेल, तर ९९५.

ओळख पटवणे

‘ऑथेंटिकेशन मेथड’ या रकान्यातली नावे दिशाभूल करणारी आहेत. ‘नॉर्मल पासवर्ड’ वाचून असुरक्षित वाटते आणि ‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ वाचून हायसे वाटते, म्हणून काळजी घेणारा माणूस नेमका दुसरा पर्याय निवडतो आणि लॉगिन होत नाही. ‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ ही टीएलएस सर्वत्र नसतानाच्या काळातली पद्धत आहे. तिच्यात पासवर्ड वाटेवर झाकला जातो खरा, पण त्यासाठी सर्व्हरला तो पासवर्ड किंवा त्याच्याइतकेच कामाचे काहीतरी आपल्याकडे साठवून ठेवावे लागते, आणि शहाणे सर्व्हर चालक आता ते टाळतात. वर टीएलएसचा पडदा असेल, तर ‘नॉर्मल पासवर्ड’ घेण्यात काहीही गैर नाही. विद्यापीठाचा सर्व्हर स्वतःचा असेल, उदाहरणार्थ झिम्ब्रासारख्या सॉफ्टवेअरवर चालणारा, तर बहुधा हाच पर्याय लागतो.

अनेक विद्यापीठांचा मेल मात्र नावाने विद्यापीठाचा आणि प्रत्यक्षात गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असतो. पत्त्याच्या शेवटी ‘एसी डॉट इन’ असल्याने यातले काहीच कळत नाही. कळते ते ब्राउझरमध्ये लॉगिन करताना, कारण लॉगिनच्या वाटेवर या दोहोंपैकी एका कंपनीचे पान भेटते. तसे असेल तर रकान्यात ‘ओऑथ २’ निवडायचे. यात थंडरबर्ड तुमच्याकडे पासवर्ड मागतच नाही, तर लॉगिनची एक खिडकी उघडतो. तिथे तुम्ही पासवर्ड देता, फोनवर आलेला कोड देता, परवानगी देता, आणि त्यानंतर प्रोग्रॅमच्या हाती येते ते फक्त एक टोकन, म्हणजे पासवर्डाऐवजी दाखवायचा परवाना. लॅपटॉप हरवला तर खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन तेवढे टोकन रद्द करता येते, आणि ज्याला लॅपटॉप सापडला त्याच्या हाती मूळ पासवर्ड मुळातच पडलेला नसतो. निव्वळ पासवर्डवर चालणारे प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या एक्स्चेंज ऑनलाइन सेवेवर आणि गूगलने वैयक्तिक खात्यांवर मे २०२२ अखेरपासून बंद करायला सुरुवात केली, तर गूगलने संस्थांच्या खात्यांसाठी तीच वाट २०२५ मध्ये बंद केली. काल-परवापर्यंत चालणारी जुनी मांडणी एकाएकी ‘पासवर्ड चुकीचा आहे’ म्हणू लागली असेल, तर पासवर्ड बदलत बसण्याआधी हा रकाना पाहावा.

काही वेळा लॉगिनच्या खिडकीत ‘नीड ॲडमिन अप्रूव्हल’ असा संदेश येतो. त्याचा अर्थ इतकाच, की संस्थेने बाहेरच्या प्रोग्रॅमना सरसकट परवानगी दिलेली नाही आणि थंडरबर्डला ती संगणक केंद्राकडूनच मिळवावी लागेल. खिडकी कोरीच राहिली, तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद केलेल्या नाहीत ना, हे तपासावे. वापरकर्ता नावाच्या रकान्यात काही ठिकाणी संपूर्ण ईमेल पत्ता लागतो, तर काही ठिकाणी ॲटच्या आधीचा भाग. लॉगिन फसण्याचे हे सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत वारंवार आढळणारे कारण आहे.

मेल येतो, पण जात नाही

घरून मांडणी करणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार आहे, आणि तिचे मूळ वर सांगितलेल्या इतिहासातच सापडते. येणारा मेल आणि जाणारा मेल यांचे सर्व्हर वेगळे, पद्धती वेगळ्या आणि ओळखही दोन्हीकडे स्वतंत्रपणे द्यावी लागते. जाणाऱ्या मेलच्या मांडणीत ऑथेंटिकेशन ‘नो ऑथेंटिकेशन’ असे राहिले, तर परिसरात बसून सगळे सुरळीत चालू शकते, कारण काही सर्व्हर आतल्या संगणकांवर अजूनही विश्वास टाकतात. घरी आल्यावर मात्र तोच सर्व्हर ‘५५४’ या आकड्याने सुरू होणारा आणि ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ असे सांगणारा संदेश देऊन पत्र परत लावतो. सर्व्हर म्हणतो आहे ते इतकेच, की मी तुम्हाला ओळखत नाही आणि अनोळखी माणसाचे पत्र मी तिसऱ्याला पोहोचवणार नाही. जाणाऱ्या मेलसाठीही तीच ओळख, म्हणजे ओऑथ २ किंवा नॉर्मल पासवर्ड, आणि तेच वापरकर्ता नाव दिले की प्रश्न मिटतो.

दुसरा प्रकार असा, की कोणताही नकार येत नाही, नुसते चक्र फिरत राहते आणि काही वेळाने प्रयत्न सोडल्याचा संदेश येतो. तिथे बहुधा पोर्ट २५ लिहिलेले असते. हे पोर्ट आज सर्व्हरने सर्व्हरशी बोलण्यासाठी आहे, आणि व्हायरस लागलेले घरगुती संगणक त्यावरून स्पॅमचा पाऊस पाडतात म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या ते घरगुती जोडणीवर बंद ठेवतात. माणसांनी पत्र टाकण्यासाठी ५८७ हे वेगळे पोर्ट १९९८ मध्येच ठरवले गेले आणि त्यावर स्टार्टटीएलएस वापरतात. थेट टीएलएससाठी ४६५ आहे. या ४६५ ची कथा मजेशीर आहे: १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते दिले गेले, लगेचच मागे घेतले गेले, तरी लोकांनी ते वापरणे काही सोडले नाही, आणि २०१८ च्या शिफारशीत त्याला पुन्हा मान्यता मिळाली. जुन्या सूचनापत्रांत ‘४६५ कालबाह्य आहे’ असे वाचले, तर ते पत्रक स्वतः कालबाह्य आहे असे समजावे.

सोय म्हणून जाणारा मेल विद्यापीठाऐवजी आपल्या खासगी जीमेलच्या किंवा इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवरून पाठवण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती टाळावी. विद्यापीठाच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, याची यादी विद्यापीठाने एसपीएफ या नोंदीत जाहीर केलेली असते आणि डीकेआयएम नावाची सही विद्यापीठाचा अधिकृत सर्व्हरच करू शकतो. यादीबाहेरच्या सर्व्हरवरून, त्या सहीविना निघालेले पत्र पलीकडच्याला बनावट वाटते आणि स्पॅममध्ये जाते; परिषदेच्या संयोजकांनी शोधनिबंध मिळालाच नाही असे कळवले, की मग शोधाशोध सुरू होते.

प्रमाणपत्राचा इशारा

टीएलएस जोडणी सुरू होताना सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो आणि प्रोग्रॅम त्यात तीन गोष्टी पाहतो: त्यावरचे नाव तुम्ही लिहिलेल्या सर्व्हरच्या नावाशी जुळते का, मुदत शिल्लक आहे का, आणि ते विश्वासू संस्थेने दिले आहे का. यातले काही जुळले नाही, की ‘ॲड सिक्युरिटी एक्सेप्शन’ अशी खिडकी उघडते. तिच्यात ‘पर्मनंटली स्टोअर धिस एक्सेप्शन’ या वाक्यासमोर आधीच खूण केलेली असते, आणि घाईत असलेला माणूस ‘कन्फर्म’ दाबून पुढे जातो. या एका क्लिकने पहिल्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे, आपण न तपासता होकारार्थी देऊन टाकतो आणि तेही कायमचे. पोर्ट चुकले तर मेल येत नाही, इतकेच होते. इथे चुकले तर मेल व्यवस्थित येत राहतो आणि पासवर्ड कदाचित भलत्याच्या हाती गेलेला असतो.

इशाऱ्याची कारणे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण ती कोणती आहेत हे ओळखता यायला हवे. सर्व्हरचे नाव ‘मेल’ या शब्दाने सुरू करून लिहिले आणि प्रमाणपत्र ‘आयमॅप’ने सुरू होणाऱ्या नावाचे असेल, तर इशारा येतो, संगणक केंद्राने दिलेले नाव तंतोतंत लिहिले की तो जातो. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपली असेल, तर वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि आजचे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे ठरते. सगळ्याच सर्व्हरांबाबत एकदम इशारे येऊ लागले, तर आधी तारीख पाहावी. काही अँटिव्हायरस मेल तपासण्यासाठी स्वतः मध्ये बसतात आणि विद्यापीठाच्या जागी आपलेच प्रमाणपत्र पुढे करतात. प्रमाणपत्र देणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरसचे नाव दिसले, की उलगडा होतो, आणि त्यातली मेल तपासणी बंद करणे हा सरळ उपाय आहे. सार्वजनिक वायफायवर फोन नंबर आणि ओटीपी देऊन आत शिरण्याआधी थंडरबर्ड उघडला, तरी कधीकधी मध्यस्थ यंत्रणाच उत्तर देते; तो बंद करून आधी ब्राउझरमधले लॉगिन पुरे करावे. आणि खरोखरच विद्यापीठाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली असेल, तर संगणक केंद्राला कळवून थांबावे. घरच्या जोडणीवर न येणारा इशारा एखाद्या अनोळखी वायफायवर आला, तर मात्र तिथे मेल उघडू नये, फोनचा हॉटस्पॉट लावावा.

पूर्वी कधी असा अपवाद मान्य केला असेल, तर सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ भागात ‘मॅनेज सर्टिफिकेट्स’ उघडून ‘सर्व्हर्स’ या टॅबमधून तो काढून टाकता येतो.

वाट सुरक्षित झाली, घराचे काय

एवढे सगळे झाले, तरी टीएलएस तुमच्या लॅपटॉपपासून सर्व्हरपर्यंतच झाकते. सर्व्हरवर मेल सर्वसाधारण रूपात असतो आणि तिथून पुढे पलीकडच्या सर्व्हरपर्यंतची वाट तुमच्या हातात नसते. प्रश्नपत्रिकेचा मसुदा किंवा मुलाखती दिलेल्यांची खरी नावे असलेली फाइल पाठवायची असेल, तर पाठवणारा आणि घेणारा यांनाच मजकूर वाचता येईल असे कूटबद्धीकरण, म्हणजे ओपनपीजीपी लागते, जे थंडरबर्डमध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून अंगभूत आहे. पण त्यासाठी पलीकडच्या व्यक्तीलाही ते यावे लागते, आणि आपल्याकडच्या विभागांतला अनुभव पाहता, असे कागद मेलने न पाठवणे हेच अधिक व्यवहार्य आहे.

संगणकावर उतरलेले मेल प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये साध्या रूपात पडून असतात. थंडरबर्डमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ची सोय आहे आणि ती अवश्य वापरावी, कारण ती नसेल तर लॅपटॉप उघडा सापडलेला कोणीही साठवलेले पासवर्ड पाहू शकतो, मात्र ती फक्त पासवर्ड झाकते, मेल नव्हे. मेल झाकायचे तर संपूर्ण डिस्क कूटबद्ध करावी लागते, म्हणजे विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन आणि मॅकवर फाइलव्हॉल्ट. सकाळच्या गर्दीत ठाण्याहून लोकलने, लॅपटॉपची बॅग वरच्या रॅकवर टाकून जाणाऱ्याने हे काम पुढे ढकलू नये. ‘रिकव्हरी की’, म्हणजे अडल्यास डिस्क उघडण्याची राखीव किल्ली, मात्र त्याच लॅपटॉपवर ठेवू नये.

मांडणी झाल्यावर ती खरोखर तशी चालते आहे का, हे पाहण्याचा एक नेमका मार्ग आहे. विद्यापीठाच्या खात्यावरून स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर एक मेल पाठवावा आणि तिथे पोहोचलेल्या मेलचे मूळ रूप उघडावे. थंडरबर्डमध्ये ते कंट्रोल आणि यू दाबून दिसते. ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळी एकाखाली एक असतात आणि त्यातली सर्वांत खालची ओळ बहुधा तुमच्या लॅपटॉपपासून विद्यापीठाच्या सर्व्हरपर्यंतच्या टप्प्याची असते. तिच्यात ‘विथ’ या शब्दापुढे ‘ईएसएमटीपीएसए’ दिसले, तर शेवटून दुसरे अक्षर जोडणी टीएलएसने झाकलेली होती असे सांगते आणि शेवटचे ‘ए’ पाठवणाऱ्याची ओळख पटली होती असे सांगते. नुसते ‘ईएसएमटीपी’ असेल, तर जाणाऱ्या मेलचा तक्ता पुन्हा उघडावा. काही सर्व्हर ही ओळ वेगळ्या धाटणीने लिहितात. तिथे टीएलएसची आवृत्ती कंसात दिलेली शोधावी.

एवढे करूनही अडले, तर संगणक केंद्राला लिहिताना ‘मेल चालत नाही’ एवढेच लिहू नये. येणारा अडला की जाणारा, संदेशातले शब्द आणि आकडा जसाच्या तसा, साधारण वेळ, घरची जोडणी होती की फोनचा हॉटस्पॉट, व्हीपीएन लावले होते की नाही, आणि मांडणीच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट, इतके दिले तर उत्तर पहिल्याच फेरीत मिळण्याची शक्यता वाढते. पासवर्ड द्यायचा नसतो, आणि तो मागणारे उत्तर आलेच, तर ते संगणक केंद्राकडून आलेले नाही असे धरून चालावे व केंद्राच्या कार्यालयात फोन करून तसे कळवावे.